ताका तपासणाऱ्याचा कॅमेरा

बन्सीलालची नजर उधन्याच्या कापड कारखान्यांत नावाजलेली होती. लूमच्या खात्यात सव्वीस वर्षं माग चालवल्यावर शेठने त्याला विणलेल्या कापडाचे ताके तपासायला बसवलं, आणि शंभर मीटरच्या ताक्यात एक धागा तुटला असला तरी त्याचं बोट बरोबर तिथेच पडायचं. कान मात्र मागांनी कधीच खाल्ले होते.

हे त्याने घरात कबूल केलं नव्हतं. सून सोनाली पुटपुटते, बायको रंजना पाठ फिरवून बोलते, अशा तक्रारींवर तो निभावून नेत होता. पण आषाढात एकदा त्याची आई पुष्पाबाई गहू निवडत कानबाई देवीची गाणी म्हणत बसली. ओठ हलत होते, मान डोलत होती, आणि बन्सीलालच्या कानात एक सूर येईना. ती गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ असलेली भाऊबंदांत आता आईच उरली होती. श्रावणात कानबाई बसायच्या आत ती यंत्रात भरायची आणि मग आवाज वाढवून निवांत ऐकायची, असं त्याने मनात ठरवलं. बाहेर सांगितलं ते एवढंच, की घरादाराची आठवण राहावी म्हणून छोटा व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा आहे.

मोबाइल आहे की, असं सोनाली म्हणाली. गेल्या वर्षीची कानबाई तुझ्याच मोबाइलमध्ये होती, ती जागा करायला कुणी पुसली, असं सासऱ्याने विचारल्यावर तिला एकदम दुधाची आठवण झाली.

दुकानदार हसमुखभाईंनी तळहातात मावतील असे तीन कॅमेरे मांडले. बन्सीलालने खिशातून कापडाचा तुकडा काढला, काउंटरवर पसरला आणि तिन्ही कॅमेऱ्यांनी त्याचं चित्रण केलं. ज्यात तुटका धागा दिसला नाही ते दोन बाद.

"काका, फॅमिली काढायची आहे ना?" हसमुखभाईंनी विचारलं. "का साडी?"

बन्सीलालला ते ऐकू आलं नाही, म्हणून त्याने ठाम मान हलवली. आवाज तपासायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. जिथे उभा जन्म हातवारे नाहीतर आरोळ्या यांवर काढला, तिथे आवाजात काही तपासण्यासारखं असतं हे सुचणार कसं? तीन दिवसांत बदलून मिळेल, एवढं मात्र त्याने बिलावर लिहून घेतलं.

घरी वीस मिनिटांचं चित्रण झालं. त्याचा हिशोब असा: चार मिनिटं सगळे गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास रोखून फोटोसाठी बसले आहेत, तीन शिट्ट्या कुकरच्या, गाणं सगळं मिळून दोन मिनिटं, आणि उरलेला सगळा वेळ, गाण्याच्या वरूनसुद्धा, खात्याच्या या टोकावरून त्या टोकाला द्यावा तसा बन्सीलालचा आवाज, आई गा, आई थांबू नको, आई इकडे बघ. चित्र मात्र असं स्वच्छ, की पुष्पाबाईच्या लुगड्याचा काठ कुठे उसवलाय तेही दिसावं.

पुष्पाबाईने पूर्ण बघितलं आणि म्हणाली, "पोऱ्या, हाई मनं गानं नई, तुनी बोंब शे."

सगळे हसले, म्हणून बन्सीलालही हसला. रंजनाने कानाशी येऊन सांगितलं तेव्हा त्याचं हसू उतरलं.

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई स्वतःच बन्सीलालला घेऊन कॅमेरा बदलायला दुकानात निघाली. हसमुखभाई चित्र किती लांबून जवळ येतं ते दाखवू लागले, तर तिने डोळे मिटून घेतले. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे ती चार शब्द बोलली आणि परत ऐकत गेली. बन्सीलालने बाद केलेल्यांपैकी एक, माइकवर उंदरासारखी केसाळ टोपी घातलेला, तो तिने बाजूला ठेवला. खरी परीक्षा गाण्याचीच होती. पण देवीचं गाणं पायात चपला ठेवून कसं म्हणणार? तिने आपल्या काढल्या, बन्सीलालला काढायला लावल्या, मग हसमुखभाईंच्या बुटांकडे बघत राहिली. त्यांनीही काढले. बन्सीलालला तिने ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. त्याने कॅमेरा धरला आणि जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून उभा राहिला.

गाणं संपल्यावर हसमुखभाईंनी त्याच्या कानांत इयरफोन घातले आणि आवाज शेवटपर्यंत चढवला.

आला. लांबून, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, पण आईचाच. लहानपणी मांडीवर झोपताना ऐकलेला हेल तोच होता, मध्येच दम घ्यायची जागाही तीच. चित्रात काय दिसतंय याकडे त्याचं लक्षच नव्हतं. गाणं संपलं, आणि त्यामागून हळूच आणखी काही आलं, जे समोर उभा असूनही त्याने मघाशी ऐकलं नव्हतं.

"आते येस का रे ऐकू?"

म्हणजे आपल्याला ऐकू येत नाही हे म्हातारीला आधीच ठाऊक होतं. बन्सीलालने आईकडे बघितलं. मागांच्या पलीकडच्या माणसाला करतात तशी त्याने नुसती मानेने खूण केली. तिनेही तशीच खूण केली आणि चपला घालू लागली.

हाच पॅक करू का, असं हसमुखभाईंनी खोका दाखवून विचारलं. कानांत अजून इयरफोन होते, त्यामुळे बन्सीलालने दिलेला होकार शेजारच्या तीन दुकानांत गेला.