डोलकाठीखालचे जाळे

मित्रांनो, मी एक जुने जाळे आहे. मासे पकडायचे नव्हे, मुले झेलायचे!

थेम्स नदीत एक म्हातारे लढाऊ जहाज नांगरून ठेवले होते. एका धर्मादाय संस्थेने त्यावर शाळा काढली होती. लंडनच्या रस्त्यांवर उपाशी हिंडणारी पोरे तिथे यायची. त्यांना जोडे मिळत, झोपायला झोळी मिळे आणि वर्षभरात ती खलाशी होत. मला तागाच्या दोरांनी विणले, डांबर पाजले आणि उंच डोलकाठीखाली ताणून बांधले. किती मुले माझ्यात पडली! रडली, मग हसली, पुन्हा चढली. त्यांना शिकवणारे गॅडमास्तर म्हणत, "ही तुमची आई रे!" मी फुलून जाई.

एकदा देणगीदार पाहुणे येणार होते. संस्थेचे चिटणीस माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे काळं लक्तर काढा. पोरांची हिंमत दिसू दे."

"साहेब, वारा आहे आज."

"मास्तर, देणग्या आहेत म्हणून शाळा आहे."

मास्तरांनी पोरांना खूण केली. त्यांनी मला सोडवून, गुंडाळून, दोरीने बांधून कठड्याशी टाकले.

बँड वाजू लागला. मुले चढली. सर्वांत वर इनॉक टिली. शेंड्यावर पोचून त्याने सवयीने खाली पाहिले. खाली मी नव्हते. नुसत्या फळ्या होत्या. त्याने काठीला मिठी मारली आणि तो हलेचना.

वाऱ्याने त्याची टोपी उडाली, गरगरत येऊन फळ्यांवर पडली. बँड थांबला. सगळे त्या टोपीकडे पाहत राहिले. माझी गाठन्‌गाठ आवळली; पण मला स्वतःला उलगडता येते थोडेच?

त्याच्याखाली सायलस नावाचा थोराड मुलगा होता. तो हुकमाची वाट न पाहता वर सरकला.

"काय टिल्या, घरटं बांधतोस का?"

"हात सुटत नाही रे!"

"मग मला शिव्या दे. मोठ्यानं!"

इनॉकने शिव्या द्यायला सुरुवात केली. एकेका शिवीला एकेक पाय खाली येऊ लागला. पाहुण्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

तेवढ्यात गॅडमास्तरांनी चाकूने माझी दोरी कापली. "पोरांनो, धरा!"

"मास्तर, पाहुणे आहेत!" चिटणीस ओरडले. मास्तरांनी वळूनही पाहिले नाही. खाली उभ्या असलेल्या पोरांनी माझ्या कडा मुठींत धरल्या, मला डोलकाठीखाली ओढले.

आणि इनॉकचा पाय निसटला.

तो दगडासारखा आला. पोरे गुडघ्यांवर आपटली, तळहात सोलवटले. पण एकाचीही मूठ सुटली नाही. माझ्या कुशीत तो थरथरत होता. जिवंत होता.

पुढच्या महिन्यात मास्तरांची नोकरी गेली. मी मात्र पुन्हा बांधले गेले, आणि मग कधीच सोडले गेले नाही. आता जहाज मोडीत निघाले आहे. मी गोदामात पडून आहे, उंदीर मला कुरतडतात.

मित्रांनो, मुलांना उंच चढवा. टाळ्याही वाजवा. पण त्याआधी खाली वाका, आणि माझ्या गाठी एकदा ओढून बघा.