जाड अक्षरांचा हेवा

मित्रांनो, मी लाकडी अक्षरांचा एक जुना संच आहे. पुएब्ला शहरात डॉन, म्हणजे श्रीयुत, फिदेन्सिओंच्या छापखान्यात राहतो. नासपतीच्या लाकडातून मला कोरलं. माझी अक्षरं जाड, उंच आणि अंग चोरून उभी राहणारी. त्यांना ना शेपटी, ना वेलबुट्टी. नाव कितीही लांब असो, मी ते एका ओळीत बसवतो आणि रस्त्यापलीकडूनही वाचायला लावतो.

कुस्तीच्या जाहिराती हे माझं काम. मुखवटा घालून लढणारा रेलांपागो, म्हणजे वीज, दर आठवड्याला माझ्याच अक्षरांत भिंतीवर झळकायचा. लोक थांबून बघायचे. पण आठवडा सरला की माझ्या तोंडावर नवा कागद चिकटायचा.

आणि शेजारच्या खणातली ती शिशाची बारीक, वळणदार अक्षरं! त्यांच्या लग्नपत्रिका व्हायच्या. लोक त्या कपाटात जपून ठेवायचे. डॉन फिदेन्सिओ त्यांना मऊ ब्रशने पुसायचे आणि मला रॉकेलच्या फडक्याने. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग रेलांपागो एक मोठी कुस्ती हरला. हरेल त्याने मुखवटा काढून खरं नाव सांगायचं, अशी पैज होती. त्याने ते सांगितलं: बाल्तासार ओर्तेगा.

थोड्याच दिवसांनी तो स्वतःच्या लग्नाची पत्रिका छापायला आला. बरोबर त्याची आई, दोन्या चोले.

"बारीक अक्षरांत टाका, डॉन फिदेन्सिओ," तो खाली बघत म्हणाला. "नाव फार दिसायला नको."

"का रे? चोरी केलीस?" आईने विचारलं.

"आई, हरलेल्या माणसाचं नाव आहे ते."

"मी ठेवलंय ते नाव! इतकी वर्षं त्या मुखवट्याचं नाव भिंतीभर वाचलं. हा माझा पोरगा, असं शेजारणीला सांगायचीही सोय नव्हती. आता तुझं नाव मोठ्ठं बघू दे की मला."

"अहो दोन्या चोले, एवढाली अक्षरं पत्रिकेत मावायची कशी?"

"मग पत्रिका मोठी करा!"

डॉन फिदेन्सिओ हसले आणि त्यांनी माझा खण उघडला. जाहिरातीच्या कागदावर एकच प्रत काढली. म्हातारीने ती दारातूनच, चष्म्याशिवाय वाचली. मग पुन्हा वाचली.

शाई ओली होती, घडी घालता येईना. बाल्तासारने कागद दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि नाव लोकांकडे करून तो भर बाजारातून घरी गेला.

बाकीच्या पत्रिका त्या वळणदार अक्षरांतच छापल्या गेल्या. मला त्यांचा अजूनही हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तुमच्या गावच्या छापखान्यात माझे भाऊबंद धूळ खात पडले असतील, तर त्यांना चुलीत घालू नका. आपल्या लेकराचं नाव मोठं छापलेलं बघायचं राहिलेली एखादी आई तिथेही असेल.