पाणी पाजलेली होडी

मित्रांनो, मी एक फायबरची होडी आहे. वय म्हणाल तर आठच वर्षे, पण मला जुनी म्हणायला आता कुणी लाजत नाही. १९९० साली महापेच्या एका शेडमध्ये धर्मराज नावाच्या कारागिराने मला घडवले. काचेच्या धाग्यांचे कापड, त्यावर चिकट रेझिन, असे थरावर थर. मागे टांगायचे इंजिन पेलावे म्हणून माझ्या पाठीत, म्हणजे मागच्या भिंतीत, आणि तळात त्याने लाकडी फळ्या भरल्या आणि वरून सगळे बंद केले.

बेलापूरच्या खाडीकाठच्या कमळाकर नाखवांनी मला घेतले. सगळा जन्म लाकडी होडीवर गेलेला माणूस. हळदकुंकू वाहून म्हणाले, "ही आमची सून." त्यांना मुलगा नव्हता, पण सून आली. पुढे गावाच्या शेतांवर कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि खाडीतली मासळी आटली. त्याचा दोष मात्र सुनेला कुणी दिला नाही.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात माझ्या पाठीला, इंजिनाजवळ, केसाएवढी चीर गेली. लाकडी होडी गळू लागली की तिला दगड भरून पाण्यात बुडवतात. लाकूड फुगते, फटी मिटतात. नाखवांना हेच औषध ठाऊक.

"आठ दीस पानी पाजतो हिला."

"अवो, धर्मराजला इचारा तरी," त्यांच्या बायको गोजराबाई म्हणाल्या.

"चालीस वर्सं होडी हाकतो मी. त्या पोराला इचारू?"

आठ दिवसांनी मी वर आले. चीर होती तिथेच होती. नाखवांनी तिच्यावर निळा रंग दिला. ती दिसेनाशी झाली, म्हणजे बरी झाली.

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली, तेव्हा गोजराबाई अडून बसल्या. "तपासल्याबिगर हिला इंजिन लावाचा नाय."

धर्मराज आला. माहेरचेच माणूस. हातोडीच्या दांड्याने ठोकत, कान लावत तो पुढून मागे सरकला. पुढे टणटण. पाठीवर भद्द. तळालाही भद्द. त्याने स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तर तपकिरी पाणी ओघळले.

"नाखवा, बुडवून ठेवली होती का हिला?"

"पावसात झाकाची ऱ्हायली. माझीच चूक," गोजराबाई घाईघाईने म्हणाल्या.

नाखवांनी डोक्यावरची टोपी काढली. "खोटं बोलते ती. मीच पाजलं."

"आतलं लाकूड कुजलंय, नाखवा. चिरेतून पाणी आत शिरलं; वरून बंद, मग वाळणार कुठनं? भर खाडीत इंजिनासकट पाठ निघायची. नुसती पाठ असती तर बदलून दिली असती. तळ पण गेलाय."

"मंग?"

"पाण्यात घालू नका आता."

पौर्णिमेला बाकीच्या होड्या पताका लावून निघाल्या. नाखवा दुसऱ्याच्या होडीवर जाळे ओढायला गेले. मी काठावर उपडी पडले, ती आजतागायत.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. कुणावर माया करायची तर जरूर करा, पण ते आतून कशाचे घडले आहे, हे आधी विचारून घ्या. विचारल्याने कुणी लहान होत नाही. माझा नाखवांवर राग नाही. त्या आठ दिवसांत ते रोज कमरेइतक्या पाण्यात उभे राहून माझ्या काठावरून हात फिरवत. तेवढी काळजी माझी कधीच कुणी घेतली नव्हती.