थेट नळाचं पाणी

माशांच्या टाकीचं पाणी बदलायचं म्हणजे सासऱ्यांचा अख्खा रविवार जायचा. अर्धं पाणी मगाने उपसायचं आणि आदल्या दिवशी बादल्यांत भरून ठेवलेलं पाणी हलक्या हाताने ओतायचं. "नळाच्या पाण्यात औषध असतं गं. ते उडून जाऊ द्यावं लागतं," ते म्हणायचे. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला तसं हे काम सुनेकडे आलं. कडेवर लेक, हातात मग आणि फरशीभर तळं.

म्हणून तिने लांब नळी आणली. एक टोक टाकीत, दुसरं मोरीत. एकदा ओढ लागली की पाणी आपलं आपण धावत सुटायचं. सासरे शेजाऱ्यांना सांगत सुटले, "आमची सून इंजिनिअर निघाली."

त्या सकाळी ते फिरायला गेले होते. लेकीचा नुकताच डोळा लागला होता. बादल्या भरून ठेवायच्या राहूनच गेल्या होत्या. तिने नळी सरळ नळाला जोडली आणि टाकी भरून टाकली. लेक उठायच्या आत फरशीसुद्धा कोरडी. स्वतःवरच खूश झाली ती.

संध्याकाळी मासे वर तोंड काढून धापा टाकत होते. सगळ्यांत जाडी मासोळी, जिला घरात 'मावशी' म्हणत, ती आडवी तरंगत होती.

"मीच दोनदा खाणं टाकलं असणार," सासरे म्हणाले. "सकाळचं काही आठवतच नाही बघ."

नवरा बूट काढत होता. "बाबा, परवा गॅस तसाच चालू, आज हे. टाकी देऊन टाकू या. आता नाही झेपत तुम्हाला."

"बरं. दे."

ती लेकीला भरवत होती. चमचा लेकीच्या तोंडापाशी तसाच राहिला. आता बोलू, मग बोलू, करता करता जेवणं उरकली, दिवे मालवले.

सकाळी सासरे खाण्याचा डबा उघडून टाकीसमोर उभे होते. "सूनबाई, मी आत्ता टाकलं का गं? तू पाहिलंस?"

एवढा मोठा माणूस, पण विचारणं शाळेतल्या पोरासारखं. तिला मान वर करवेना.

"बाबा, तुम्ही काही केलं नाही. काल मी थेट नळाचं पाणी सोडलं. घाई होती."

ते खुर्चीत टेकले. आता बोलतील, बोलू देत, असं तिला झालं.

"म्हणजे मी दोनदा टाकलं नव्हतं?"

"नाही, बाबा."

"नक्की ना?"

आणि ते हसले. डोळे पुसत हसले. "मला वाटलं, गेलं डोकं आपलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही गं." त्यांचा तो आनंद तिला बघवेना. चार शब्द सुनावले असते तर सोसलं असतं.

आतून नवरा फोन हातात घेऊन आला. "बाबा, माणूस मिळाला. दुपारी टाकी न्यायला येतोय."

सासरे डब्याचं झाकण लावता लावता थांबले. तिच्याकडे पाहत राहिले, मऊ नजरेने.

तिने लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "त्याला नको म्हणून सांग," ती म्हणाली. "आणि जरा बस इथे. तुला एक सांगायचंय."