शिवतेजच्या चौथऱ्याची जागा

कडेगावला जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता आणि मनुबाईच्या पोराचं स्मारक मधी येत होतं. शिवतेज सैन्यात होता, सीमेवर लढताना गेला. चौकात त्याच्या नावाचा काळ्या दगडाचा चौथरा. मनुबाई रोज सकाळी तो पुसायची आणि पुसता पुसता पोराशी बोलायची. म्हातारीला खूळ लागलंय म्हणायचे लोक. लागलं असंल, कुणाच्या बापाचं काय जातंय?

आज पंचायतीपुढं सभा भरली होती. बांधकाम खात्याचा साहेब नकाशा पसरून बसलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. रस्ता ठरल्याइतका रुंद होणारच. घरच्यांच्या होकाराशिवाय स्मारकाला हात लावणार नाही. पण ते जागेवरच राहिलं, तर रस्ता समोरच्या अंगाला सरकणार, आणि समोर तानुबाईचं घर. निम्मं घर जाणार, चुलीसकट.

तानुबाई मागं बायकांत बसली होती. शिवतेज पेटीतून घरी आला, तेव्हा हिनंच मनुबाईला घास भरवून जगवलं होतं. आज ती काहीच मागत नव्हती, आणि तेच मनुबाईला जास्त टोचत होतं.

लालासाहेब उठले. चौथऱ्याच्या मागं त्यांचा बंगला, पुढं नवीकोरी कंपाउंडची भिंत. "शिवतेज एकट्या मनुवहिनीचा न्हवता. गावाचा पोरगा हुता. त्याचा दगड तसूभर हलू देनार न्हाई आमी."

टाळ्या पडल्या. चौथरा राहिला की त्यांची भिंतही राहते, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण शहिदाचं नाव घेतल्यावर तोंड उघडायची कुणाची टाप होती?

"आजी, तुम्ही सांगा," साहेब म्हणाला.

मनुबाई उठली. हलवा म्हणावं, तर उद्या गाव म्हणणार, आईनंच पोराला उचलून टाकलं. नको म्हणावं, तर तानूच्या चुलीवरनं ट्रॅक्टर जाणार. तिला शिवतेजचाच राग आला, खरंच आला. तू असतास तर तूच बोलला असतास, आता मला एकटीला उभं केलंस.

"सायेब, चौथरा मागं सरकवला तर तानूचं घर वाचतंय का?"

"वाचतं. पण मागं भिंत आहे."

मनुबाई लालासाहेबांकडं वळली. "भावजी, आताच म्हनालासा, पोरगा गावाचा हाय. म्हंजे तुमचाबी हाय. मग घ्या की त्याला तुमच्या अंगनात. लय जागा न्हाई लागत त्याला."

लालासाहेब हसले. त्यांच्याबरोबर कुणीच हसलं नाही.

"वहिनी, तसं न्हवं..."

"मग कसं?"

मनुबाई बसेना. एवढ्यात फौजेतनं निवृत्त झालेला आकाराम उठला आणि तिच्या शेजारी जाऊन ताठ उभा राहिला. मग आणखी एक माजी सैनिक उठला, मग मागच्या बायका. लालासाहेबांनी टोपी काढून घाम पुसला.

"घ्या लिहून," ते साहेबाला म्हणाले. आवाज पार बसला होता.

संध्याकाळी त्या नव्या भिंतीवर पाडायची खूण म्हणून लाल रंगाची फुली पडली. मनुबाई चौथऱ्यापाशी आली. पोराला विकलं का काय आपण, ही भीती मनात होतीच. तिनं पदरानं दगड पुसला.

"जरा मागं सरायचं बाळा," ती म्हणाली. "तानूला सैपाक करायचा हाय."