रोज फिरायला एकच लेन्स

हेमकांत आबांना घाबरायला कधी कारण लागत नसे. या खेपेला मात्र कारण होते, आणि नेमके या खेपेलाच त्यांच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी चौतीस वर्षे काढली आणि एकही दिवस काट्यावर पाय ठेवला नाही. खाली खड्डा असतो. विजेला ते भीत, गॅसच्या टाकीला भीत, लिफ्टला तर भीतच, आणि सगळ्यात जवळची लिफ्ट नंदुरबारला होती. सापाच्या भीतीने त्यांनी ब्राह्मणपुरीच्या घराचे सगळे अंगण फरशीने मढवून घेतले होते. त्यामुळे कार्तिक सरता सरता एका पहाटे त्यांनी उसाच्या बांधावर ठिपक्यांचे जनावर पाहिले, तेव्हा गावाने ते लिफ्टच्याच यादीत टाकले.

"कुत्रं व्हई ते," त्यांची बायको अनुसयाबाई म्हणाल्या. "तुम्हले तं मांजरबी वाघ दिखस."

आबांनी मोबाइलवर फोटो काढला होता. त्यात ऊस होता, धुके होते आणि एक तपकिरी डाग होता. डागाला आहे ती शेपटी की उसाचे पाचट, यावर डेअरीच्या ओट्यावर दोन दिवस चर्चा झाली आणि पाचट निवडून आले.

गावाचे हसणे आबांना सवयीचे होते. सवयीचे नव्हते ते वेगळेच. अनुसयाबाई रोज पहाटे साडेपाचला किटली घेऊन, ऊस आणि केळी यांच्या मधल्या गाडरस्त्याने, एकट्या विहिरीवरच्या गोठ्यात जात. चार म्हशी तिथे होत्या. अनुसयाबाई तशा चाळीस वर्षे जात होत्या. आबा घरात चादर हनुवटीपर्यंत ओढून किटलीच्या कडीचा आवाज दूर जाताना ऐकत, आणि तो परत येईपर्यंत मनात पावले मोजत.

"म्हशी घरी आन," ते म्हणाले.

"कुठे बांधू? अंगनात फरश्या कोन्ही बसाड्यात?"

आबा फोटो घेऊन वनरक्षकाकडे गेले.

वनरक्षक भरत वळवी मोलगीकडचा, तिशीचा, शांत गडी. त्याने फोटो तिरका धरून पाहिला, उलटा धरून पाहिला आणि परत केला. "आबा, असू शकतो. नसूही शकतो. स्पष्ट फोटो असला तर पिंजऱ्याचं मी साहेबांशी बोलतो. पण त्याच्या मागे जाऊ नका. रोजच्यासारखं फिरा, मोठ्यानं बोलत चला. दिसला तर पळायचं नाही."

शेवटचे वाक्य आबांना अन्यायाचे वाटले. आयुष्यभर एकच गोष्ट नीट जमवली होती.

त्याच आठवड्यात हे ऐकून सुरतेहून मुलाने, भाग्येशने, जुना डिजिटल एसएलआर कॅमेरा केळीच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवला. पेटीत फक्त कॅमेरा होता. तोंडाला प्लास्टिकचे झाकण. फोनवर भाग्येश म्हणाला, "लेन्स तुमच्या हिशेबानं घ्या, पप्पा. रोज फिरायला एकच असू द्या. शेतात धूळ उडते, बदलत बसू नका."

म्हणजे बायकोचा जीव एका लेन्सवर आला, आणि ती निवडायची होती आबांनी, ज्यांना भाजीवाल्याकडची दोन वांगीही निवडता येत नसत.

शहाद्याला घेवरचंदशेठचे फोटोचे दुकान आहे. शेठ आता नुसते गल्ल्यावर बसतात. लग्नाचे फोटो त्यांचा नातू पुनीत काढतो. पुनीतने आबांना स्टुलावर बसवले आणि डॉक्टरसारखे विचारले, "काका, रोज गळ्यात ठेवायची ना? मग आधी सांगा, तुम्ही जास्त काय काढणार?"

"पळ," आबा म्हणाले. खोटे बोलायची ती वेळ नव्हती.

मग सगळी हकिगत सांगितली. गल्ल्यावरून घेवरचंदशेठ म्हणाले, "आबासाहेब, भीती वाटते तर सोबतीला माणूस घ्या. काच कशाला घेता?"

"माणूस बघून पिंजरा लावत नाहीत, शेठ. फोटो बघून लावतात."

पुनीतने तीन लेन्स मांडल्या. पहिली होती पन्नास मिलिमीटरची, लहानशी, पेढ्याएवढी. "हिच्यात समोरचा माणूस उठून दिसतो आणि मागचं सगळं मस्त धूसर होतं."

मागचे धूसर होणे हा आबांच्या मते गुण नव्हता. बिबट्या मागूनच येतो.

"झूम नाही हिला. पायांनी झूम करायचं. जवळचं हवं असलं की दोन पावलं पुढे जायचं."

आबांनी ती लेन्स तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी चटकन खाली ठेवली.

दुसरी सत्तर ते तीनशेची. दुधी भोपळ्याच्या लांबीची. लांबून बसून काढता येईल म्हटल्यावर आबांचा चेहरा उजळला. पुनीतने स्वतःची दोन दिवस वापरायला दिली. दुसऱ्या पहाटे आबा प्रथमच अनुसयाबाईंबरोबर गोठ्यात गेले. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि समोर एक काळा, ओला, ताटाएवढा डोळा उघडला. आबा गव्हाणीत बसले. म्हैस त्यांच्या खांद्यावरचा चारा शांतपणे खात राहिली.

पण खरी भीती नंतरची होती. त्या लेन्समधून उसाच्या पानाची शीर दिसत होती, दव दिसत होते, दवातला मुंगळा दिसत होता. शेजारच्या पानामागे काय उभे आहे ते दिसत नव्हते. आबा पान बघत उभे राहिले आणि न दिसणाऱ्या सगळ्या शिवाराने त्यांच्या मानेवर फुंकर घातली. ते लेन्स घेऊन पहिल्या एसटीने शहाद्याला गेले.

तिसरी अठरा ते एकशेचाळीसची होती. "एका टोकाला अख्खं शिवार, दुसऱ्या टोकाला तारेवरचा पक्षी," पुनीत म्हणाला. "कशातच पहिली येत नाही, काका, पण कशातच नापासही होत नाही. लग्न सोडून बाकी सगळीकडे मी हीच लावतो."

आबांचा शाळेतला निकाल साधारण असाच होता. त्यांनी ती घेतली.

मग रोज पहाटे दोघे निघू लागले. पुढे अनुसयाबाई, मागे गळ्यात कॅमेरा घातलेले आबा, आणि भरतने सांगितल्याप्रमाणे मोठ्याने बोलणे. आबा मोठ्याने खताच्या गोण्यांचे बोलत, व्याह्यांच्या गुडघ्याचे बोलत. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना एक शोध लागला: कॅमेरा डोळ्याला असला की भीती कमी वाटते. चौकटीत जे दिसते ते दुसऱ्या कोणाचे तरी वाटते, टीव्हीवरच्यासारखे. मग ते दर वळणावर आधी कॅमेरा वर करत आणि मगच पाऊल टाकत. चालणे लांबले. डेअरीवर दूध उशिरा जाऊ लागले.

नवव्या दिवशी धुके जमिनीलाच चिकटले होते. गोठ्यात आबांनी अनुसयाबाईंचा धार काढतानाचा फोटो काढला. गोठा अरुंद, चारही म्हशी मावाव्यात म्हणून त्यांनी लेन्सचे कडे पार अठरावर फिरवले. फोटो बरा आला. त्याच आनंदात ते अनुसयाबाईंच्या पुढे होऊन परत निघाले, आणि ठिबकच्या व्हॉल्व्हजवळच्या वळणावर सवयीने कॅमेरा डोळ्याला लावला.

रस्त्यावर बिबट्या होता.

लांब होता. मांजराएवढा दिसत होता, रस्त्याच्या पार टोकाला, अंगावरचे ठिपके तिळासारखे. आबांना वाटले आता हातपाय गळतील. गळले नाहीत. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा हेमकांत आबा भ्याले नाहीत, आणि या गोष्टीचे त्यांना इतके नवल वाटले की ते पुढे झाले. एक फोटो. एक पाऊल. आणखी एक फोटो. डागाला या वेळी कोणी पाचट म्हणणार नव्हते. दुसरे पाऊल.

मागे किटली जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग अनुसयाबाईंचा आवाज, इतका हलका की आबांनी तो तसा कधी ऐकलाच नव्हता.

"मांगे या. हायू हायू. पयू नका."

"भिऊ नको," आबा कॅमेऱ्याच्या आडून पुटपुटले. "दूर शे तो."

"दूर नही शे."

आबांनी कॅमेरा खाली घेतला.

मांजर नव्हते. आठ पावलांवर, त्यांच्या मांडीपर्यंत उंच, सबंध रस्ता अडवून ते उभे होते. नाकाजवळची मिशी एकेक मोजता येत होती. तोंडातून वाफ निघत होती, आणि ती वाफ धुक्यात मिसळून आपल्यापर्यंत येते आहे असे आबांना वाटले. डोळे पिवळे होते आणि त्यांत राग नव्हता. नुसते बघणे होते, वजनकाट्यावर गाडी आली की आबा बघत तसे. पळायचे नाही हे आठवले, पण मग काय करायचे ते आठवेना. मग त्यांच्या सदऱ्याची मागची बाजू कोणीतरी मुठीत धरली आणि त्यांना मागे ओढले, एक पाऊल, थांबून आणखी एक. अनुसयाबाईंचा हात थरथरत होता. त्यांच्या लग्नाला एकेचाळीस वर्षे झाली होती आणि हा हात थरथरू शकतो हे आबांना माहीत नव्हते. बिबट्यापेक्षा त्यांना त्याचीच भीती वाटली.

किटलीपाशी येताच अनुसयाबाईंनी झाकण उचलून किटलीवर आपटले. एकदा, दोनदा, तीनदा. जनावराने कान मागे टाकले, घाई न करता वळले आणि उसात शिरले. ऊस हलला आणि थांबला.

डेअरीवर आबांना मापात दूध ओतता येईना. अनुसयाबाईंनी ओतले. घरी आल्यावर त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "गया ना? माले भ्याना तो. उद्याबी जासू."

हात आता थरथरत नव्हता. आबांना ठाऊक होते, त्या जाणार. आणि आता त्यांना हेही ठाऊक होते की कुठे जाणार.

दहाच्या सुमारास भरत आला. ओट्यावर बसून त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला. "आहे," तो म्हणाला. "बिबट्याच." मग खालच्या आकड्यांकडे बघून थांबला. "आबा, ही लेन्स अठरावर आहे. अठरावर सगळं लांब दिसतं. तुम्ही होतात किती लांब?"

"दहा पावलं."

"आणि दुसरा फोटो?"

"दुसऱ्याला आणखी एक पाऊल पुढे."

भरतने पाणी मागितले. एक तांब्या पिऊन तो पुन्हा पडद्याकडे वळला आणि बटण दाबत फोटो मोठा करत गेला. ठिपके आले, कान आले, मग चौकट बाजूला सरकवत तो उसाच्या कडेला आला आणि तिथेच राहिला.

"मादी आहे," तो म्हणाला.

उसाच्या बुडाशी, पाचटाच्या रंगात पाचट होऊन, दोन छोटे कान होते. त्यांच्या शेजारी आणखी दोन.

"पिंजरा इतक्यात नाही लावता यायचा, आबा. आई आत अडकली अन् पिल्लं बाहेर राहिली तर फार वाईट होईल. पिल्लं जरा मोठी झाली की तीच त्यांना घेऊन जाईल. तोवर या रस्त्यानं कोणी जायचं नाही. त्या फडाची तोडही थांबवायला सांगतो."

कोणी जायचं नाही, हे सरकारी वाक्य होते आणि अनुसयाबाई सरकारी नोकर नव्हत्या. आबांनी त्यांच्याकडे बघायचे टाळले. पहाटेची साडेपाच वाजायची वेळ, ती कडी, तो लांब जाणारा आवाज, आणि उसातून ऐकणारे सहा कान, एवढे सगळे त्यांच्या डोळ्यांसमोर आले.

अनुसयाबाईंनी पदराला हात पुसले आणि कॅमेरा मागितला. चष्मा लावून त्या छोट्या कानांकडे बघत राहिल्या. भरतने बटण कुठले ते दाखवले. त्यांनी आणखी मोठे केले.

"लेकुरवायी शे," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तरीच ती हलनी नही."

त्यांनी कॅमेरा आबांच्या मांडीवर ठेवला आणि अंगणाकडे नजर टाकली. "म्हशी आन्यात तं फरश्या फुटतीन."

"फुटू दे," आबा म्हणाले. साप कुठून कुठून येऊ शकतील याची यादी त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू झाली होती, पण ती त्यांनी वाचून दाखवली नाही.

दुपारी बाराच्या लख्ख उन्हात भरत आणि त्याचे दोन सहकारी काठ्या आपटत पुढे झाले आणि म्हशी आणायला सगळे निघाले. येताना अनुसयाबाई म्हशींच्या पुढे, आबा त्यांच्या बाजूला. उसाची भिंत दोन हातांवर होती. पान हलले की आबांचा हात कॅमेऱ्याकडे जाई. मोठ्याने बोलायचे होते आणि खते, व्याही, गुडघे, सगळे विषय संपले होते. म्हणून ते लेन्सचे बोलू लागले.

"अठरावर जवळचं दूर दिखस," ते ओरडून म्हणाले. "एकशे चाळीसवर दूरचं जवळ दिखस. समजनं का?"

"समजनं."

"म्हनीसन रोज फिरायला ही बरी. दोन्ही येतं."

अनुसयाबाईंनी पुढच्या म्हशीचा दोर ओढला. "दूरचं जवळ दखाले तुम्हले लेन्स कसाले लागस?" त्या म्हणाल्या. "ते तं तुम्ही लगीन व्हयनं तवपासून करी ऱ्हायनात."

पुढे भरत हसला आणि काठी आपटायची विसरला. गप्प राहणे धोक्याचे होते, आणि वळण अजून यायचे होते, म्हणून त्यांनी आवाज चढवून पन्नासच्या लेन्सचे सांगायला सुरुवात केली.