बाईंचा श्वास मोजणारी फुंकणी

मी फुंकणी बोलतेय. चुलीजवळची नव्हे, छातीच्या दवाखान्यातली. माझं खरं नाव लांबलचक आहे. ते डॉक्टरांच्याच तोंडी शोभतं. माझ्या नळीत जीव खाऊन फुंकावं लागतं, म्हणून नर्सबाईंनी मला फुंकणी म्हटलं आणि तेच चिकटलं. छातीत किती हवा मावते, ते मी मोजते.

नवी होते तेव्हा माझी काय बडदास्त! आता माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात. ठेवा बापडे. माझा राग त्याचा नाही.

तलावावर पोरांना पोहायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. कोरडा खोकला हटेना, तेव्हा धाकटी बहीण त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आली. बाईंनी फुंकलं आणि मी थक्क झाले. छाती कसली, लोहाराचा भाताच! डॉक्टर खूश झाले. खोकल्याचं औषध देऊन त्यांनी बाईंची पाठवणी केली.

काही महिन्यांनी बाई पुन्हा आल्या. या खेपेला आकडा चांगलाच घसरला होता. पण मुळात छाती दांडगी, त्यामुळे घसरूनही तो त्यांच्या वयाच्या इतर बायकांइतका भरला.

"नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले. "वय झालं की दम लागायचाच."

"अहो, पण ताई आज जिन्यात मटकन बसली!" बहीण म्हणाली.

"काळजीनंही दम लागतो. मन रमवा कशात तरी."

नॉर्मल! कुणाच्या मानानं? चार अनोळखी बायकांशी बाईंची तुलना केलीत. बाईंची बाईंशी केलीत का? मागचा आकडा माझ्या पोटातच होता. एक बटण दाबायचं होतं हो, एकच! पण मला वाचा कुठली? मी आपली टूं टूं करत राहिले.

तिसऱ्या खेपेला शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी ते बटण दाबलं. पडद्यावर तिन्ही खेपांचे आकडे उतरत गेलेले दिसले. मग फुफ्फुसांचा स्कॅन झाला. तळाशी वणांचं जाळं पसरलं होतं.

"पुढं काय? खरं सांगा," बाई म्हणाल्या.

"तारीख सांगायला मी ज्योतिषी नाही. पण घसरण ज्या वेगानं झालीय, त्यावरून येतं वर्ष जड जाणार, एवढं नक्की. औषधानं वेग कमी होईल. गेलेलं मात्र परत येत नाही."

"मागच्याच खेपेला कळलं असतं तर?"

"बरंच राखता आलं असतं."

बहिणीला हुंदका फुटला. बाई उठल्या, पहिल्या डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकलून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. धाप लागली होती, शब्द तुटत होते.

"पोर बुडायला लागलं... की बाकीची कशी पोहतायत... ते नाही बघत मी. त्या पोराकडे बघते."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

औषध सुरू झालं, उतार मंदावला. बाई आता ऑक्सिजनची नळी नाकाला लावून तलावाच्या काठावर खुर्चीत बसतात. शिट्टी वाजत नाही, म्हणून पायरीवर काठी आपटून शिकवतात.

मला उद्या खुशाल भंगारात काढा. पण तोवर माझा आकडा एकटा वाचू नका. ज्याचा श्वास, त्याच्याच कालच्या श्वासाशी ताडून बघा आणि पुढचं काय दिसतंय ते तोंडावर सांगा. ऐकून घ्यायची ताकद माणसांत असते. चाचरता ते तुम्हीच.

बाहेर बाकावर बाई खोकतायत. आज त्यांची तपासणी आहे. बोलवा त्यांना आत.